पूर्व भागातले कॉम्प्युटरवाले अण्णा : लिनक्सचं अपडेट अडकलं असेल तर इथं जा

सोलापुरात लिनक्सचं (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) काम करून देणारं कुणी आहे का, असं माझ्याकडं फॉर्म भरायला येणारी इंजिनिअरिंगची पोरं अधूनमधून विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. आहे. पूर्व भागात, अशोक चौकातून आत गेलं की, दुकानाला पाटी नाही, बाजूला टॉवेलच्या गाठी बांधायचं काम चालतं, तिथं कुणालाही "कॉम्प्युटरवाले अण्णा" म्हणून विचारा, बोट करून दाखवतील. बाहेरून बघितलं तर जुने मॉनिटर आणि वायरी एवढंच दिसतं पण त्यावर जाऊ नका. या माणसाला स्क्रीनवर आलेली ओळ वाचता येते, आणि ही गोष्ट किती दुर्मिळ आहे ते मी गेल्या वर्षभरात बघितलंय.

माझं जुळे सोलापुरात ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. शिष्यवृत्ती, परीक्षेचे फॉर्म, दाखल्यांचे अर्ज, असलं सगळं. तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्हींवर लिनक्स आहे, हौस म्हणून नाही, पेन ड्राईव्हमुळं. दिवसभर इतके पेन ड्राईव्ह लागतात की पूर्वी विंडोज होतं तेव्हा दर थोड्या दिवसांनी शॉर्टकट व्हायरस, एखाद्या पोराचा प्रोजेक्ट गायब, मग त्याचं रडणं, नंतर आपण त्याच्या फायली शोधत बसायचं. लिनक्स आल्यापासून तो विषय संपला. काम सगळं ब्राउझरमध्येच असतं, प्रिंटर आणि स्कॅनर चालतो, लिब्रे ऑफिसमध्ये अर्ज टाईप होतो, आणखी काय पाहिजे.

अडचण सुरू झाली ती अपडेटमध्ये. एका मशीनवर अपडेट मारलं की लाल अक्षरांच्या ओळी यायच्या, दुसऱ्यावर काहीच यायचं नाही पण सरकारी साईट म्हणायला लागली की तुमचा ब्राउझर जुना आहे, आणि तिसरं कधी चालायचं कधी नाही. शहरात एक-दोन ठिकाणी नेऊन दाखवलं. सगळीकडं एकच उत्तर, "मॅडम फॉरमॅट मारू, विंडोज टाकून देतो, ओरिजनल नाही पण चालतंय." स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायची तसदीच कुणी घेतली नाही, आणि नुसतं बघूनसुद्धा शंभर-दोनशे रुपये घेतले. गिऱ्हाईकाचं आधार, बँकेचं पासबुक, मार्कशीट ज्या मशीनवर उघडतात तिथं असलं क्रॅक केलेलं विंडोज मी टाकणार नाही म्हणजे नाही. मग कुणीतरी अण्णांचं नाव सांगितलं.

अण्णांनी पहिल्या दिवशी काहीही दुरुस्त केलं नाही. टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडून एपीटी अपडेट, म्हणजे नवीन माल आलाय का ते विचारायची कमांड, चालवली आणि शांतपणे ओळी वाचत बसले. मग मला म्हणाले, "ताई, इकडं बघा की जरा, ओळीच्या सुरुवातीला कुठलं अक्षर हाय ते आधी बघायचं." एन असेल तर ती नुसती सूचना, काम अडत नाही. डब्ल्यू असेल तर इशारा, आज चालतंय पण उद्या त्रास देईल. ई असेल तर खरा एरर, त्या ठिकाणाहून माल येत नाहीये. मी इतके दिवस तो सगळा मजकूर एकच समजून बघत होते, या एका गोष्टीनं निम्मी भीती गेली. उदाहरणार्थ एक लांबलचक ओळ यायची की अमुक रेपो (सॉफ्टवेअरचा माल जिथून येतो ते गोदाम) आय-३८६ला, म्हणजे ३२ बिटला, सपोर्ट करत नाही म्हणून फाईल वगळली, ती एनवाली. मशीन ६४ बिटचं आहे, तो रेपो बाहेरून टाकलेल्या एका ब्राउझरचा, त्यांनी ३२ बिटची पॅकेजं ठेवलेलीच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. रेपोच्या ओळीत आर्किटेक्चर एएमडी-६४, म्हणजे ६४ बिट, असं लिहून टाकलं की ती ओळ यायची बंद. दोन मिनिटांचं काम.

आता लाल ओळींचं मशीन. त्यावर उबुंटू २३.१० (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) होतं, एका ओळखीच्या पोरानं तेव्हा नवीन आलेलं म्हणून टाकून दिलेलं. उबुंटूच्या दोन जाती असतात हे मला अण्णांनी सांगितलं. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एलटीएस, म्हणजे लांब सपोर्टवाली, येते, १८.०४, २०.०४, २२.०४, २४.०४, तिला पाच वर्षं फुकट अपडेट मिळतात. मधल्या ज्या असतात त्यांना फक्त नऊ महिने. २३.१० ऑक्टोबर २०२३ ला आली आणि जुलै २०२४ मध्ये तिचा सपोर्ट संपला. संपल्यावर काय होतं तर काही काळानं त्या आवृत्तीचा सगळा माल मुख्य सर्व्हरवरून उचलून ओल्ड रिलीजेस नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. आपलं मशीन बिचारं जुन्याच पत्त्यावर जाऊन विचारत राहतं, तिथून ४०४ नॉट फाउंड येतं आणि खाली ई लावून ओळ येते की या रिपॉझिटरीची रिलीज फाईल आता नाही. एखादं सरकारी ऑफिस दुसऱ्या इमारतीत हललं आणि लोक जुन्याच दारावर अर्ज घेऊन उभे, तसा प्रकार. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही, हार्ड डिस्क गेलेली नाही, व्हायरस नाही, फॉरमॅटची तर अजिबात गरज नाही.

त्यांनी काय केलं तर आधी माझ्या सगळ्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, हे न सांगता घेतला, मग रेपोचे पत्ते असलेल्या सोर्सेस डॉट लिस्ट नावाच्या फाईलची एक कॉपी काढून ठेवली, आणि मूळ फाईलमध्ये मुख्य आर्काईव्ह आणि सिक्युरिटी या दोन्ही पत्त्यांच्या जागी ओल्ड रिलीजेसचा पत्ता टाकला. परत अपडेट मारलं तर सगळ्या ओळी सरळ. मला वाटलं झालं काम. ते म्हणाले, "नाही ताई, इथं थांबायचं नसतंय." कारण जुन्या गोदामात जे आहे ते आहे, तिथं नवीन सिक्युरिटी अपडेट कधीच येणार नाही, एरर गेला म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं नाही. तो पत्ता फक्त पायरी म्हणून वापरायचा, राहिलेली पॅकेजं पूर्ण करून घ्यायची आणि तिथून २४.०४ वर उडी मारायची. त्यांनी तसंच केलं, आता ते मशीन २४.०४ वर आहे आणि २०२९ पर्यंत बघायला नको. इंटरनेटवर शोधलं तर बऱ्याच ठिकाणी पत्ता बदला आणि सुटा एवढंच सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

पण खरं सांगू का, मला जास्त धक्का दुसऱ्या मशीननं दिला, ज्याच्यावर एकही लाल ओळ येत नव्हती. काउंटरवरचं. त्यावर लिनक्स मिंट २०.३ होतं, हाही लिनक्सचा एक प्रकार. अपडेट मॅनेजरची ती ढालीची खूण रोज हिरवी टिक दाखवायची, सिस्टीम अप टू डेट. मी निर्धास्त. अण्णांनी आवृत्ती बघितली आणि म्हणाले हे एप्रिल २०२५ मध्येच संपलंय. मिंट २० ची सगळी मालिका उबुंटू २०.०४ च्या पायावर उभी आहे, आणि एलटीएसचा माल सपोर्ट संपला तरी लगेच मुख्य सर्व्हरवरून हलवत नाहीत. म्हणून मशीन विचारायला जातं, रेपो तिथं असतो, उत्तर देतो, नवीन काही नाही म्हणून सांगतो, आणि मशीन खूश. ४०४ नाही, इशारा नाही. हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की रेपोत जेवढं आहे तेवढं घेतलंय, रेपोला कुणी वाली आहे की नाही ते ती सांगत नाही. फायरफॉक्ससुद्धा मिंटवाले स्वतः पॅकेज करून त्यांच्या रेपोतून देतात, त्यामुळं तोही तिथंच थांबला आणि सरकारी साईट कुरकुर करायला लागली. लोकांची कागदपत्रं ज्या मशीनवर येतात तिथं असं गपचूप जुनं होत जाणं मला लाल एररपेक्षा वाईट वाटतं, एररमुळं निदान माणूस उठून दुकानात तरी जातो.

तुमच्याकडं मिंट असेल तर आत्ताच मेन्यूत सिस्टीम इन्फॉर्मेशन उघडून आकडा बघा. २० ने सुरू होत असेल तर संपलंय. २१ ने सुरू होत असेल तर एप्रिल २०२७ पर्यंत आहे, २२ असेल तर २०२९.

याचं अपग्रेड अण्णांनी मिंटअपग्रेड नावाच्या मिंटच्याच टूलनं केलं आणि ते मी शेजारी बसून बघितलं. आधी ते टाईमशिफ्टचा स्नॅपशॉट मागतं, म्हणजे काही बिनसलं तर मागं जाता येतं. मग बाहेरून टाकलेली पॅकेजं दाखवतं, माझ्याकडं प्रिंटरचं एक आणि कुठल्या तरी पीपीएमधून, म्हणजे कुणीतरी स्वतः चालवलेल्या बाहेरच्या रेपोमधून, आलेलं व्हिडिओचं एक होतं, पीपीएवालं काढून टाकलं कारण ते बनवणाऱ्यानं नव्या आवृत्तीसाठी काही ठेवलंच नव्हतं. रेपोचे निम्मे घोळ या पीपीएमुळंच होतात असं त्यांचं म्हणणं, हौसेनं टाकलेलं असतं, ज्यानं बनवलं त्यानं सोडून दिलेलं असतं, आणि दर अपडेटला ते दार वाजवत बसतं. डाउनलोडला वेळ लागला, मध्ये लाईट जाऊन आली पण त्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे, त्यामुळं काही झालं नाही. घरी हे करणार असाल तर लाईटचा भरवसा असल्याशिवाय करू नका, उन्हाळ्यात तर दुपारी अजिबात नको. २१ वर गेल्यावर अपडेट मॅनेजरमधूनच २१.३ केलं. २२ वर न्यायचं का असं मी विचारलं तर म्हणाले चार जीबी रॅमचं जुनं मशीन आहे, चाललंय ते चालू द्या, २०२७ च्या आधी या. दोन कामांचे पैसे घेता आले असते, घेतले नाहीत.

अपग्रेड झाल्यावर मात्र नवीनच एक पिवळी ओळ सुरू झाली, डब्ल्यूवाली. "की इज स्टोअर्ड इन लेगसी ट्रस्टेड डॉट जीपीजी कीरिंग", म्हणजे किल्ली जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये ठेवलेली आहे. मी म्हटलं हे काय आता. तर ते त्या बाहेरच्या ब्राउझरच्या रेपोबद्दल होतं. प्रत्येक रेपोवर सही असते आणि ती तपासायला किल्ली लागते, जुन्या पद्धतीत सगळ्या किल्ल्या एकाच सामायिक फाईलमध्ये जायच्या, त्यात धोका असा की तिथं असलेली कुठलीही किल्ली कुठल्याही रेपोच्या सहीला चालायची, म्हणजे एका फालतू रेपोची किल्ली चोरीला गेली तर तिच्या जोरावर कुणी उबुंटूच्या नावानं खोटा माल खपवू शकतो. म्हणून आता किल्ली कीरिंग्ज फोल्डरमध्ये वेगळी ठेवायची आणि रेपोच्या ओळीत साइन्ड-बाय लिहून सांगायचं की हिच्यासाठी फक्त हीच. अण्णांनी ती किल्ली कंपनीच्या मूळ साईटवरून परत घेतली, वेगळी ठेवली, जुन्या फाईलमधली काढली, ओळ गेली. मी इंटरनेटवर वाचलेला एक उपाय सांगितला, रेपोच्या ओळीत ट्रस्टेड इज इक्वल टू येस लिहायचं म्हणजे कटकट संपते. त्यावर त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. ते लिहिलं की सही तपासणंच बंद होतं, कुणी काहीही पाठवलं तरी मशीन घेणार. दुकानाच्या मशीनवर ते कधीही करायचं नाही असं दोनदा बजावलं. मला हा राग आवडला.

तिसरं स्कॅनरजवळचं मशीन. सगळ्यात साधं निघालं पण तिथंच बाकीच्यांनी मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं. त्याची ओळ अशी की रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट, आणि कंसात अजून इतके तास अमान्य. अण्णांनी वाचलं, हसले आणि कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. तारीख आदल्या दिवसाची होती. रेपोच्या रिलीज फाईलवर तारीख असते, मशीनचं घड्याळ मागं पडलं की त्याला वाटतं ही फाईल भविष्यातून आली, म्हणून घेत नाही. इंटरनेट जोडलं की वेळ आपोआप सुधारते, पण माझं ते मशीन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं, जोडलं जोडलं की अपडेट आधी धावतं आणि वेळ नंतर सुधारते, म्हणून कधी चालायचं कधी नाही. कारण मदरबोर्डवरची ती गोल बटणासारखी बॅटरी, सीआर २०३२, संपलेली. स्क्रू काढून बदलली, तारीख नीट केली, संपलं. बॅटरीचे पन्नास रुपये घेतले, मजुरी शून्य. वीस-पंचवीस हजाराचा नवा कॉम्प्युटर घ्यायला निघाले होते मी, आता कळलं का एवढं लांबलचक का लिहितेय.

मी बसलेली असताना कॉलेजचा एक मुलगा डेबियनचा (हेही एक लिनक्सच) लॅपटॉप घेऊन आला, तेही सांगते कारण कुणाला उपयोग होईल. त्याला अपडेट करताना विचारत होतं की रेपोची माहिती बदललीय, मान्य आहे का, वाय की एन, म्हणजे हो की नाही. तो वाय दाबायलाच निघाला होता. अण्णा म्हणाले, "थांब बे, काय बदललंय ते तर वाच आधी." डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यामुळं १२ आपोआप स्टेबलचं (चालू आवृत्ती) ओल्डस्टेबल (आधीची आवृत्ती) झालं. ओळीत सूट हा शब्द असेल आणि स्टेबलचं ओल्डस्टेबल झालं असेल तर बिनधास्त वाय, तुमचं १२ हे १२ च राहतं. पण ओळीत कोडनेम हा शब्द असेल आणि बुकवर्मचं (१२ चं नाव) ट्रिक्सी (१३ चं नाव) झालं असेल तर थांबायचं, त्याचा अर्थ तुमच्या फाईलमध्ये आवृत्तीचं नाव न लिहिता नुसतं स्टेबल लिहिलंय, आणि वाय दाबलं की पुढच्या अपग्रेडला तुम्ही न ठरवता १३ वर जायला लागता, अर्धं इकडं अर्धं तिकडं. त्या पोराचं दुसरं होतं. अण्णांनी स्टेबलच्या जागी बुकवर्म लिहून दिलं आणि परीक्षा झाल्यावर ये, मग तेरा टाकू म्हणाले. दहा मिनिटं लागली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्यालाच आणायला पाठवलं.

आता कमी काय ते पण लिहिते, नाहीतर जाहिरात वाटेल. फोन उचलत नाहीत, खरंच उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर उत्तर संध्याकाळी येतं. सांगितलेल्या वेळेला काम होईल याची खात्री नाही, माझं काउंटरचं मशीन दुसऱ्या दिवशी देतो म्हणून चौथ्या दिवशी मिळालं आणि ते ॲडमिशनचे दिवस होते, माझी रोजची कमाई बुडाली, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. बिल छापील मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात, ज्यांना ऑफिसला बिल लावायचंय त्यांनी आधी बोलून घ्या. बसायला एकच स्टूल आहे. आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दुकान बंद असतं, तेव्हा जाऊ नका.

समजावून सांगताना मध्येच शेजाऱ्याशी तेलुगूत बोलायला लागतात, मग आपलं राहून जातं, परत विचारावं लागतं, पण परत विचारलं तर वैतागत नाहीत. माझ्यासारख्या कॉम्प्युटर न शिकलेल्या बाईला त्यांनी सहीची किल्ली आणि रिलीज फाईल समजावली आणि एकदाही "तुम्हाला नाही कळायचं" म्हणाले नाहीत. एवढ्यासाठी मी पुन्हा तिथंच जाईन.

तिन्ही मशीनचे मिळून बाराशे रुपये आणि बॅटरीचे पन्नास वेगळे. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या चौथ्या दिवसाचा कापला.

एक शेवटची गोष्ट. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये कधीकधी वर पट्टी येते की तुमचा मिरर, म्हणजे रेपोची दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली नक्कल, इतक्या दिवसांपासून अपडेट झालेला नाही. त्यासाठी अण्णांकडं जायची गरज नाही. सॉफ्टवेअर सोर्सेस उघडायचं, मेन आणि बेस असे दोन मिरर दिसतात, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यावर क्लिक करायचं, यादी येते, वेगही दाखवते, दुसरा निवडायचा आणि ओके. आपल्या जवळचा मिरर निवडायचा मोह होतो पण जवळचा म्हणजे ताजा असं नसतं, तक्रार परत आली तर सरळ मूळ मिरर ठेवा, थोडा हळू चालेल पण मागं राहणार नाही. हॅश सम मिसमॅच, म्हणजे उतरवलेल्या फाईलचा पडताळा जुळत नाही, अशी ओळ आली तर मात्र काही बदलायच्या आधी तास-दोन तास थांबून परत मारा, बऱ्याचदा मिररवर माल चढवायचं काम अर्ध्यात असतं, आपोआप जातं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून अण्णांकडं गर्दी वाढलीय, जुनी मशीनं विंडोज ११ घेत नाहीत म्हणून लोक लिनक्स टाकून मागतात. त्यामुळं सकाळी अकराच्या आत जा. जाताना मशीन उचलून नेण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून न्या, पण नीट, ओळीचं पहिलं अक्षर आणि शेवटचा शब्द दोन्ही दिसायला पाहिजेत, अर्धा कापलेला फोटो दाखवला तर ते परत घरी पाठवतात. सोमवारी बंद.